मिठूबाईच्या बाजूने

हसन,

आठ दिवसांपूर्वी तुझ्या आठवणीसाठी सगळे तुझ्या दुकानात जमलो होतो. कापडाचे तागे बाजूला सारून तुझ्या कारागिरांनी कटिंगच्या टेबलावर खजूर आणि अरबी कॉफीचा कहावा मांडला होता. येणारा प्रत्येकजण तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलायचा आणि बोलता बोलता त्या पोपटावर यायचा. अबू सईदने तर उभं राहून, हातवारे करून सांगितलं की त्याच्या घरच्या कोंबडीची अंडी हसनच्या पोपटाने उबवली आणि त्यातून खरोखर पिल्लं बाहेर आली. ज्यांनी हे आधी ऐकलं नव्हतं ते हसायला लागले. तेवढ्यात तुझ्या दुकानातला मुनीर म्हणाला, "लेकिन एक बच्चा उसी ने मार दिया. चोंच से." सगळे चुकचुकले. शेवटी पाखराची जात, असं कोणीतरी म्हणालं. अबू सईदने माझ्याकडे हात केला. मेस्त्रीला विचारा, तो तिथेच होता.

मी तिथेच होतो. मी मान हलवली, कहाव्याचा घोट घेतला आणि थोड्या वेळाने उठून घरी आलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसतो आणि उठतो. गाडीची किल्ली घेतो, खाली जातो, तसाच परत वर येतो. माझी बायको सुनंदा म्हणते, येरझाऱ्या घालून फरशी झिजवाल. नुसतं तुझ्या जाण्याचं दुःख असतं तर मी कोपऱ्यात बसून रडलो असतो, मला रडता येतं. हे काहीतरी दुसरं आहे.

तुझ्याबद्दलचे चांगले शब्द बाकीचे लिहितील, आणि ते खरेच असतील. मला फक्त ही एक गोष्ट नीट करायची आहे. तुझ्या नावाने ती इथून पुढे सांगितली जाणार आहे, आणि ती चुकीची सांगितली जाते आहे. चुकीची मी केली.

मिठू तुझ्याकडे आला तेव्हा तुझी दाढी अजून पूर्ण पांढरी झाली नव्हती. मदिनत काबूसच्या साहेबी वस्तीतलं ते कुटुंब कायमचं आपल्या देशी परत चाललं होतं. साहेबाचे कपडे तू वर्षानुवर्षं शिवायचास, म्हणून जाताना बाईंनी पिंजरा तुझ्या दुकानात आणून ठेवला. करड्या रंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट. आपल्या गावाकडचा हिरवा पोपट डोळ्यांसमोर असलेल्या मला तो धूळ बसल्यासारखा वाटला होता आणि मी तसं बोललोही. तू चिडलास. महिन्याभरात तो शिलाई मशीनचा आवाज इतका हुबेहूब काढायला लागला की गिऱ्हाईक बाहेर असतानाच कारागीर कामाला लागलेत असं वाटायचं. तू म्हणायचास, हा एकटाच फुकट काम करतो.

आणि मग एका सकाळी तुझा फोन आला. "मेस्त्री, घोटाळा झालाय. मिठूने अंडं घातलंय."

आपण दोघं किती हसलो होतो. तू गावी फोन लावून जुबेदावहिनींना सांगितलंस, तर त्या म्हणाल्या, इतकी वर्षं तिथे परक्या बाईबरोबर राहताय आणि मला आत्ता कळवताय. त्या दिवसापासून ती मिठूबाई झाली.

पण पुढे ते हसण्यावारी राहिलं नाही. नर नाही, तर अंड्यांत काय असणार? तरी ती बसायची. खाणंपिणं सोडून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पंख पसरून बसून राहायची. अंडी काढायला तुझा हात धजायचा नाही. शेवटी कंटाळून ती स्वतःच उठायची आणि पुढचे कितीतरी दिवस मशीनचा आवाज काढायची नाही. त्या दिवसांत तूही गिऱ्हाइकांवर खेकसायचास. मी म्हणायचो, पाखरू आहे, विसरेल. तू म्हणायचास, तुला काय माहीत ते काय विसरतं.

कोंबडीच्या अंड्यांची कल्पना तुला कुठे सुचली ते मला आठवतं. आपण दोघं एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. तुझी आई त्या काठाला आणि माझी आई या काठाला, दोघीही कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायची झाली, की टोपलीत भाताचा पेंढा घालून तिला बसवायच्या. बदकाची अंडीसुद्धा कोंबडीखाली घालायच्या आणि ती आपलीच समजून उबवायची. हे सगळं आपण कॅफेटेरियात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा पिताना बोलत होतो. तू बोलता बोलता थांबलास, ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालास, मग हिच्याखाली का नको?

मी तुला वेड्यात काढलं. पोपट आणि कोंबडीचा काय संबंध, अंडं फोडून खाईल, तिचा जीव जाईल, लोक हसतील. दुकानात परत आल्यावर ते सगळं मी बोललो होतो, तेही कारागिरांसमोर. तू ऐकून घेतलंस आणि अबू सईदला फोन केलास. त्याच्या घरी गावठी कोंबड्या होत्या. त्याने लहान बघून अंडी आणली. तू एकेक अंडं मोबाईलच्या उजेडासमोर धरून पाहिलंस, जशी आपल्या आया उन्हासमोर धरायच्या. मग बखूर, म्हणजे इथला धूप, जाळायच्या भांड्यातला एक विझलेला कोळसा घेतलास आणि अंड्यांशेजारी ठेवलास. गडगडाट झाला तर अंडी फुकट जाऊ नयेत म्हणून आपल्या गावाकडे ठेवतात तसा. मी म्हटलं, अरे, आपल्या या कोरड्या अमेरात गावात ढग कधी गडगडतात? तू म्हणालास, कोळसा काय तुझ्या घरून आणला आहे?

मिठूबाईने आपली पोकळ अंडी बाजूला झालेली पाहिली, नव्या अंड्यांकडे मान वाकडी करून बराच वेळ बघितलं, आणि बसली. बसताना तिने पोटाखालची पिसं अशी फुलवली की त्यात ती अंडी दिसेनाशी झाली. तू माझ्याकडे बघितलंस.

मग एसीवरून भांडण. मार्च संपत आला होता, दुकानावरची तुझी खोली तापायला लागली होती, आणि तू तिथला विंडो एसी बंद करून टाकलास. अंड्यांना थंड हवा नको. मी आयुष्यभर या देशात एसी बसवले आणि दुरुस्त केले. तुझ्या त्या एसीचा खडखडाट मी कधीचा दुरुस्त करून देणार होतो, ते राहूनच गेलं होतं. पण एसी असून पंख्याखाली घामाघूम झोपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हटलं, अठरावर नको लावूस, सव्वीसवर लाव, काही होत नाही. तू म्हणालास, "तू लोकांना थंडी विकतोस. उबेतलं तुला काय कळणार?"

हे तू हसत म्हणाला होतास. मला लागलं होतं. आता सांगतो, चांगलंच लागलं होतं.

पहिलं पिल्लू निघालं त्या गुरुवारी तू मला घरून उचलून आणलंस. मी शर्टाची बटणं जिन्यात लावली. मिठूबाईच्या छातीखालून एक ओलसर पिवळं डोकं बाहेर आलं होतं आणि ती ते पुन्हा आत ढकलत होती, जसं आपण लहान मुलाचे पांघरुणाबाहेर आलेले पाय आत घेतो.  तुझे डोळे भरले होते, आणि मी ते पाहिलं म्हणून तू मला उगाच शिवी दिलीस. खाली जाऊन सगळ्या कारागिरांना हलवा वाटलास. कोणी विचारलं काय झालं, तर म्हणालास, नातू.

नंतर ती पिल्लाला भरवायला लागली. पोपट आपल्या पिल्लाला गिळलेलं परत आणून चोचीत देतो. कोंबडीच्या पिल्लाला ते कसं कळणार? ते तिच्या चोचीकडे बावळटासारखं बघायचं आणि तिच्या चोचीवरून सांडलेलं खाली टिपायचं. ती परत प्रयत्न करायची. आपण दोघं खुर्च्या ओढून बसलो आणि संध्याकाळ होईपर्यंत तेच बघत राहिलो. मी माझं सगळं बोलणं मनातल्या मनात परत घेतलं. तोंडाने नाही घेतलं. ते एक राहिलं.

आता शुक्रवार.

दूर सोहारला तुझ्या भाच्याच्या, अल्ताफच्या बाळाचा अकीका, म्हणजे बारशासारखा विधी होता. तुला जायलाच हवं होतं. दुसरं अंडं पहाटेच फुटलं होतं, पिल्लू अजून नीट सुकलंही नव्हतं, आणि तुझा पाय निघत नव्हता. तू मला किल्ली दिलीस. "काही करायचं नाही, मेस्त्री. फक्त बस. आणि एसीला हात लावू नकोस." हेही तू दोनदा म्हणालास, आणि मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

नमाजानंतर मुनीरने बिर्याणीची थाळी आणून दिली. मी पोटभर जेवलो. खोलीची भट्टी झाली होती. गावच्या ग्रुपवर मी आदल्या दिवशीच लिहून टाकलं होतं की आमच्या इथे पोपटाने कोंबडीचं पिल्लू काढलं आहे. कोणी विश्वास ठेवला नव्हता. माझ्या भावाने लिहिलं, दादा उन्हात फिरू नका. म्हणून मला व्हिडिओ पाठवायचा होता. पिंजऱ्यात अंधार होता, पिल्लं पिसांत होती, काही दिसेना. मी हात घालून ते नवं पिल्लू बाहेर काढलं. मिठूबाईने माझ्या हाताला चोच लावली, पण मारली नाही. नुसती धरली आणि सोडली. हे मला आज जास्त आठवतं.

पांढऱ्या फरशीवर पिल्लू छान दिसेल म्हणून ते फरशीवर ठेवलं. मोबाईल धरलेल्या हाताला घाम सुटला होता, मोबाईलची स्क्रीन ओली होत होती. दोन मिनिटं, म्हटलं. एसी लावला. अठरावर. व्हिडिओ काढला, पाठवला. लगेच भावाचा फोन आला. मी दिवाणावर आडवा होऊन त्याच्याशी बोललो, अंड्यांबद्दल, तुझ्याबद्दल, मीच कसं सगळं सांभाळतोय त्याबद्दल. मीच, असं म्हणालो मी. मग फोन ठेवला आणि मला झोप लागली.

मिठूबाई ओरडली असणार. पिंजऱ्याच्या गजांवर आपटली असणार. तिच्या कपाळावरची पिसं तशी विस्कटली होती. पण तो एसी इतका खडखडायचा की मला काही ऐकू आलं नाही. जाग आली तेव्हा खोली गार झाली होती आणि एसीच्या झोताखाली, थेट झोताखाली, ते पिल्लू कडेवर पडलं होतं. मी उचललं. बाहेर चाळीसाच्या आसपास तापमान, हसन, आणि माझ्या तळहातावर एक पिल्लू थंडीने गेलं होतं.

मी एसी बंद केला. पिल्लू मुठीत धरून फुंकर घातली, बनियनमध्ये धरलं, उन्हात नेलं. मग मी ते तिला परत दिलं. पिंजऱ्यात ठेवलं आणि दार लावलं.

तिने ते घेतलं. ते हलत नाही हे तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. चोचीने मानेला धरून ती त्याला पोटाखाली ओढायची, वर बसायची, पुन्हा उठायची, पुन्हा ओढायची. ऊब देत होती. तू येईपर्यंत ती तेच करत होती आणि मी समोर बसून बघत होतो. त्या ओढण्याने मानेवर खूण पडली. पिसं गेली, थोडं रक्तही आलं.

तू मटणाचा डबा घेऊन वर आलास, हसत होतास, बाळाचं नाव सांगत होतास. पिंजऱ्यात वाकलास आणि डबा खाली ठेवलास. "कसं झालं?" मी बोट दाखवलं. मानेवर बघ, अशी खूण केली. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी तोंडाने खोटं बोललो नाही. पण तू नंतर विचारलंस, बाहेर काढलं होतंस का? आणि मी म्हणालो, नाही. मी तर हातही लावला नाही.

म्हणजे तिच्या मायेची खूण मी तिच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून तुला दाखवली. हे वाक्य इतकं सरळ मला आज पहिल्यांदा लिहिता आलं.

उरलेलं पहिलं पिल्लू तू त्याच संध्याकाळी, तिच्या पोटाखालून काढून, अबू सईदकडे पोचवलंस. ते जगलं, त्याची मोठी कोंबडी झाली. मिठूबाई मात्र ते शोधत राहिली. मग छातीवरची पिसं उपटायला लागली. तू तिला समजावायचास, रागवायचास, पुन्हा समजावायचास. शेवटी एक दिवस म्हणालास, हिला बघितलं की मला ती मान दिसते. आणि ती अल्ताफकडे गेली. पिंजरा माझ्या पिकअपमध्ये चढवून सोहारपर्यंत मीच नेला. तू दुकानातून बाहेरही आला नाहीस. वाटेत मला कितीतरी वेळा वाटलं, गाडी वळवावी. सोहारचे कारखाने दिसेपर्यंत वाटत होतं.

लोकांना वाटतं ही एका पोपटाची गोष्ट आहे. तुझ्याकडे बायको-मुलं इथे नव्हती. ती गावी, तू इथे, आयुष्य असंच गेलं. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर वर जाऊन ज्याच्याशी बोलायचं असा जीव तुझ्याकडे एकच होता, आणि तो मी तुझ्या हाताने तुझ्या घरातून काढला.

तू माझ्यासाठी काय केलंस ते मी कुठे विसरलो आहे? माझे वडील गेले तेव्हा मला जाता आलं नव्हतं. ऐन सीझनला तू दुकान बंद ठेवून दिवसभर माझ्या खोलीत माझ्याशेजारी बसलास. मधेच उठून भात लावलास. तुला डाळ करता येत नव्हती, ती करपली, आणि आपण ती तशीच खाल्ली. असा तू. आणि तुला एक खरं वाक्य सांगायला माझी जीभ उचलली नाही.

तू विषय सोडला नाहीस, हे सर्वांत वाईट. मी सोडला असता. पण चहा पिताना तू मधेच म्हणायचास, मला एक कळत नाही मेस्त्री, एकाला मारलं आणि त्याच वेळी दुसऱ्याला पंखाखाली घेऊन बसली होती, असं कोण करतं? मी म्हणायचो, मुकं जनावर आहे. तू म्हणायचास, मुकं कुठे, दिवसभर बडबडायची. मी हसायचो. मला सुटल्यासारखं वाटायचं. दर वेळी वाटायचं, आता पुढच्या वेळी सांगू.

रमजानच्या आधी आपण बसलो होतो तेव्हा तू तेच काढलंस. या वेळी वाद घातला नाहीस. "तू म्हणतोस म्हणून मी मानलं," असं म्हणालास. "नाहीतर माझं मन मानत नाही. पण तू कशाला खोटं बोलशील?"

मी चहा संपवला. आणि तुला विचारलं, दुकानातला एसी कसा चाललाय.

ईदची शिलाई पूर्ण झाल्याशिवाय तुला मरायलाही फुरसत नव्हती. सगळ्या दिशदाशा, इथल्या पुरुषांचे ते पायघोळ झगे, इस्त्री करून गिऱ्हाइकांच्या हवाली केल्यास, कारागिरांना सुट्टी दिलीस, आणि मग टेबलाला टेकून खाली बसलास ते बसलासच. त्याच दिवशी अमेरातच्या कबरस्तानात तुला माती दिली. मला कुठे उभं राहायचं कळत नव्हतं. अल्ताफने हाताला धरून पुढे घेतलं आणि म्हणाला, चाचा, तुम्ही पहिल्यांदा द्या. मला पहिल्यांदा. मी दिली. ते मला अजून सहन होत नाही.

दुकानातून आल्यावर दोन दिवस अशा येरझाऱ्या घातल्या आणि मग मी सुनंदाला सांगितलं. तिने ताट माझ्यासमोरून उचललं नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, मिठूबाई जिवंत आहे ना, मग इथे काय फेऱ्या मारताय? मी सकाळी सोहारला निघालो.

अल्ताफ औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून नुकताच आला होता. मिठूबाईचा पिंजरा आत पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी होता. पिंजऱ्याला बाहेरून आणखी एक बारीक जाळी लावली होती. मुलं तिथून जाताना समोरच्या भिंतीला चिकटून जात होती. अल्ताफची बायको रुबिना म्हणाली, आम्ही मुलांना पहिल्यापासून सांगून ठेवलंय, तिने पिल्लू मारलंय, जवळ जायचं नाही. खायला-प्यायला घालतो. बाहेर काढत नाही. इतकी वर्षं, हसन, तिला कोणी बाहेर काढलं नाही. तुझ्या घरात ती कटिंगच्या टेबलावर फिरायची.

मी त्यांना सगळं सांगितलं. एसी, व्हिडिओ, झोप, मानेवरची खूण. रुबिनाने मुलांना आत पाठवलं. अल्ताफ ऐकून घेत होता. त्यांना दाखवावं म्हणून मी जाळी सोडवली आणि पिंजऱ्यात हात घातला. रुबिना म्हणाली, चाचा, नका. मी म्हटलं, काही करणार नाही ती.

ती चावली. चांगलं हाडापर्यंत जाणवेल असं. रक्त फरशीवर पडलं आणि रुबिना म्हणाली, "बघा, सांगत होते ना मी."

मी बोट रुमालात गुंडाळून तिथेच बोलत राहिलो. मला चावली याचा अर्थ तिने मारलं असा होत नाही, हे मी तीन-चार प्रकारे सांगितलं. किती वर्षं जाळीत ठेवलंय तिला, कोणीही चावेल. मला तर चावायलाच हवं. माझा आवाज चढला असावा, कारण मुलं दारातून डोकावत होती. त्यांच्या चेहऱ्यावर माझं काही पटल्यासारखं दिसत नव्हतं. त्यांना रक्त दिसत होतं. इतके दिवस मला वाटायचं, खरं सांगणं तेवढं अवघड आहे, सांगितलं की झालं. तसं नाही. माझं खोटं या घरात माझ्याशिवाय मोठं झालं होतं, आणि आता माझं ऐकत नव्हतं.

अल्ताफने एकच विचारलं. "मामूला का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, सांगणार होतो.

तो उठला, पिंजऱ्यावर चादर टाकली आणि स्वतः उचलून खाली माझ्या गाडीत नेऊन ठेवला. सीटबेल्ट लावला पिंजऱ्याला. माझ्याशी हात मिळवला नाही.

जुबेदावहिनींना फोन करायचा राहिला होता. तोही केला. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.  मग म्हणाल्या, "भावोजी, हे तुम्ही मला कशाला सांगताय? मी काय करू त्याचं? माफ करायचं तर ते त्यांनी करायचं होतं." मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं, ती खाते का नीट? मी सांगितलं, शेंगदाणे खाते. सुनंदाच्या हातचे. बरं, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तर मिठूबाई आता माझ्याकडे आहे. छातीवरची पिसं पूर्ण आलेली नाहीत. सुनंदाने पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलंय, पण ती बाहेर येत नाही. दाराच्या तोंडाशी येते, खाली बघते आणि परत जाते. मी जवळ गेलो की पाठ करते. मी तिथेच खुर्ची टाकून बसतो. एसी सव्वीसवर असतो. तू असतास तर त्यावरही वाद घातला असतास, आणि मी या वेळी ऐकलं असतं, असं म्हणायला आता माझं काय जातं.

लोक येतात, हसन. अमेरातभर बातमी पसरली आहे की हसनचा पोपट मेस्त्रीकडे आलाय. माझं बांधलेलं बोट बघतात आणि तिच्यापासून जरा लांबच बसतात. काल अबू सईद आला, त्याच्यासोबत त्याचा जावई. दारातच जावयाने विचारलं, हाच का तो, पिल्लू मारलेला? मी त्यांना बसायलाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, नाही. पिल्लू मी मारलं. एसी लावून झोपलो होतो. मानेवरची खूण ती त्याला ऊब देत होती त्याची आहे. आणि हसनला मी खोटं सांगितलं.

 मी पुढे होऊन मुनीरलाही सांगितलंय, कॅफेटेरियावाल्याला सांगितलंय, गावच्या ग्रुपवर लिहिलंय. आता हे सांगताना मी अडखळत नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्या एकाला सोडून, मी ते कोणालाही सांगू शकतो.